चोर एक, शब्द हजार : इंग्रजी भाषेने आरोप आणि चोरी यांचा हिशेब कसा ठेवला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

तालुक्याच्या पत्रकाराचा अर्धा जन्म चोरीच्या बातम्या लिहिण्यात जातो. त्या बातम्यांची भाषाही ठरलेली. 'अज्ञात चोरट्यांनी कडीकोयंडा तोडून', 'रोख रकमेसह ऐवज लंपास', 'दुकानावर डल्ला', 'अंधाराचा फायदा घेऊन पोबारा'. आपल्याकडे चोरीला इतके शब्द आहेत की एका पानावर चार चोऱ्या आल्या तरी शब्द परत येत नाही. मग इंग्रजीत काय प्रकार आहे म्हणून शब्दकोश चाळायला लागलो आणि त्यातून इतिहासच बाहेर आला. कोणी कोणाला लुटलं, कोण न्यायाधीश होऊन बसलं, आणि कोणाची लूट 'लूट' ठरली नाही, हे सगळं त्या शब्दांत दडलंय.

सुरुवात 'थीफ' आणि 'स्टील'पासून. हे दोन्ही शब्द इंग्रजांचे घरचे, जुन्या जर्मन वळणाचे, शेतकऱ्याच्या तोंडचे. 'स्टील'चाच भाऊ 'स्टेल्थ', म्हणजे गुपचूप. स्टेल्थ विमान म्हणतात ते हेच, रडारला चुकवून जाणारं, चोरपावलांचं विमान.

पण चोर पकडला गेला की इंग्रजी भाषा एकदम बदलते. अक्यूज, अरेस्ट, इन्डाइट, फेलनी, लार्सनी, कन्व्हिक्ट. यातला एकही शब्द घरचा नाही, सगळे फ्रेंच किंवा लॅटिन. कारण 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं राजा, सरदार, न्यायाधीश यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्टाच्या नोंदी लॅटिनमध्ये, वकिलांचा युक्तिवाद फ्रेंचमध्ये, आणि पिंजऱ्यातला माणूस इंग्रजी बोलणारा. आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला दुसऱ्या कोणी सांगितलं तर कळणार!

1362 साली कायदा झाला की खटले इंग्रजीत चालवा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता. वकिलांनी तो फारसा मनावर घेतला नाही. कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि ती मोडकी वकिली फ्रेंच हद्दपार व्हायला 1733 साल उजाडलं. आपल्याकडे हायकोर्टाचा इंग्रजी निकाल हातात घेऊन वकिलाच्या तोंडाकडे बघत उभा असलेला शेतकरी ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच भाषेच्या गोंधळातून एक भन्नाट शब्द जन्माला आला, 'कल्प्रिट'. आज त्याचा अर्थ गुन्हेगार, दोषी. पण हा मुळात शब्दच नाही! आरोपी म्हणायचा, 'मी दोषी नाही'. त्यावर सरकारच्या बाजूचा कारकून वकिली फ्रेंचमध्ये ठरलेलं वाक्य म्हणायचा : दोषी आहे, आणि आम्ही ते सिद्ध करायला तयार आहोत. नोंदवहीत एवढं कोण लिहितो? मग 'कुल. प्रित' असं दोन तुकड्यांत लिहायचे. 'कुल' म्हणजे दोषी आणि 'प्रित' म्हणजे तयार. पुढे फ्रेंच विसरली गेली आणि राहिला तो संक्षेप. 1678 साली अर्ल ऑफ पेम्ब्रोकवर खुनाचा खटला चालला, तेव्हा कारकुनाने हा संक्षेप थेट आरोपीला हाक मारावी तसा वापरल्याची नोंद आहे. तिथपासून कल्प्रिट म्हणजे 'पिंजऱ्यातला माणूस', आणि पुढच्या शतकात 'ज्याने गुन्हा केला तो'.

म्हणजे बघा, सरकारी पक्षाचं म्हणणं होतं, 'आम्ही सिद्ध करायला तयार आहोत'. त्यातलं सिद्ध करणं गळून पडलं आणि दोषी तेवढं माणसाला चिकटलं. कारकुनाच्या एका आळसाने हे घडलं. आजही सकाळी अटक, दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आणि संध्याकाळपर्यंत 'अखेर चोर सापडला' असं होतंच की.

आता आरोपाचे शब्द. 'चार्ज' घ्या. मोबाईल चार्ज करतो तोच चार्ज आणि चार्जशीटमधलाही तोच. लॅटिनमध्ये गाडीवर ओझं लादण्याला हा शब्द होता, 'कार' आणि 'कार्गो' त्याच घरातले. आरोप म्हणजे माणसाच्या पाठीवर टाकलेलं पोतं. 'इम्पीच'च्या मुळाशी पायात अडकवायची बेडी आहे. 'ब्लेम' हा 'ब्लास्फेमी'चा म्हणजे देवाच्या निंदेचा झिजलेला अवतार. 'स्लँडर' आणि आपल्या मथळ्यांचं लाडकं 'स्कँडल' ही सख्खी भावंडं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सापळा किंवा वाटेतली ठेच.

आणि आपला 'आरोप'? आ अधिक रोप. रोप लावतो ना, तेच. आरोप आणि वृक्षारोपण एकाच मुळाचे. आपण आरोप 'लावतो' असंही म्हणतो, झाड लावावं तसं. एकदा लावला की मुळं धरतो.

सगळ्यात उलटी चाल खेळलेला शब्द 'अलेज'. बातमीत आपण 'कथित' लिहितो, इंग्रजीवाले 'अलेज्ड' लिहितात, म्हणजे अजून सिद्ध न झालेला. या शब्दाच्या मुळाशी मात्र खटल्यातून स्वतःला मोकळं करून घेण्याचा अर्थ होता. मग तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या लॅटिन शब्दाशी गल्लत झाली आणि सुटकेचा शब्द आरोपाच्या कामाला लागला.

चोरीच्या मालाची किंमत हाही एक इतिहासच. 'लार्सनी' म्हणजे चोरी. हा शब्द लॅटिन 'लात्रो'वरून आला, आणि लात्रो म्हणजे सुरुवातीला पगारी शिपाई, भाडोत्री सैनिक. पगार थकला की तोच वाटमारी करायचा, मग शब्दाचा अर्थच दरोडेखोर झाला. आपल्याकडे पेंढारी आठवा. फौजेबरोबर बिनपगारी जायचे आणि लुटीवर पोट भरायचे.

तेराव्या शतकापासून इंग्लंडात लार्सनीच्या दोन जाती, मोठी आणि किरकोळ. मधली रेघ 12 पेन्सची. त्यावर गेलात तर फाशी. ही वर्गवारी 1827 पर्यंत कायद्यात होती. मधल्या शतकांत पैशाची किंमत घसरत गेली, पण 12 पेन्स तिथेच. पुढे वेगवेगळ्या चोऱ्यांसाठी आणखी रेघा आल्या. राहत्या घरातून 40 शिलिंगांचा माल गेला तर मृत्युदंड. मग ज्युरीत बसलेली साधी माणसं काय करायची? माल कितीही महाग असो, किंमत सांगायची 39 शिलिंग! लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाच्या नोंदींत हे 39 शिलिंग पुन्हा पुन्हा भेटतात. ब्लॅकस्टोन नावाच्या मोठ्या कायदेपंडिताने याला एक प्रकारची पुण्याची खोटी शपथ म्हटलंय. मला तर ती ज्युरीतली माणसं त्या काळच्या सगळ्या न्यायाधीशांपेक्षा मोठी वाटतात.

अशी रेघ आता आपल्याकडेही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम 303 मध्ये, माल 5000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. चांगली तरतूद आहे. फक्त पंचनाम्यात जुन्या मोबाईलची किंमत 4900 लिहायची की 5100, हे कोण लिहितंय त्यावर पुष्कळ काही ठरणार.

आता लुटीकडे येऊ. 'रॉब' म्हणजे लुटणे आणि 'रोब' म्हणजे झगा, न्यायाधीश घालतात तो. दोन्ही एकच शब्द. जुन्या जर्मन भाषेत याचा अर्थ लुटलेला माल, आणि त्या काळी लुटण्यासारखी महाग वस्तू म्हणजे अंगावरचे कपडे. याच कुळातला आणखी एक शब्द 'बिरीव्ह्ड'. घरात कोणी गेलं की इंग्रजी शोकसंदेशात असतो तो. मूळ अर्थ, लुटला गेलेला. मृत्यूने घर लुटलं.

'प्लंडर'ही जर्मन. तिकडे त्याचा अर्थ घरातलं भांडंकुंडं, अंथरूण-पांघरूण, चिंध्याचांध्या. युरोपात 1618 ते 1648 अशी तीस वर्षं युद्ध चाललं, सैनिक गरिबांच्या घरातलं हेच उचलून न्यायचे. वस्तूचं नाव ते कृत्याचं नाव झालं. 1642 ला इंग्लंडात यादवी पेटली आणि शब्द तिथेही रुळला.

'ब्लॅकमेल'चा आपल्या टपालाशी काही संबंध नाही. 'मेल' म्हणजे स्कॉटलंडकडच्या बोलीत खंड, भाडं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर गुरं पळवणाऱ्या टोळ्या होत्या. 'आम्हाला वर्षाला इतकं द्या, तुमच्या गुरांना हात लावणार नाही, दुसऱ्यालाही लावू देणार नाही', असा व्यवहार. 1601 साली राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटने उत्तरेच्या चार परगण्यांसाठी याच्याविरुद्ध कायदा केला. आपल्या 'खंडणी'ने हाच प्रवास केलाय. पेशवाईच्या कागदांत खंडणी म्हणजे मांडलिकाने द्यायची ठरलेली रक्कम, राजकारणातला रीतसर शब्द. आज बिल्डरला फोन येतो ती खंडणी. घेणाऱ्याचं राज्य गेलं की कराचा गुन्हा होतो.

आणि 'लूट'. हा तर आपलाच. संस्कृतातून हिंदीत, मराठीत आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत. कंपनीच्या शिपायांनी तो उचलला आणि एकोणिसाव्या शतकात जगभर नेला. त्यांनी आपला माल नेला, आणि नेण्याला जो शब्द होता तोही नेला!

पण ते स्वतःच्या लुटीला अधिकृत कागदावर लूट म्हणायचे नाहीत. तिथे शब्द 'प्राइझ'. बक्षीस नव्हे बरं का. फ्रेंच 'प्रीझ', म्हणजे पकडलेलं, हस्तगत केलेलं. युद्धात शत्रूचा माल मिळाला की त्याची किंमत काढायची आणि सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटायची, असा रीतसर कारभार होता. 1799 ला श्रीरंगपट्टणात हेच झालं. टिपूचा तो लाकडी वाघ आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.

1817-18 च्या लढाईत पेशवाई बुडाली, तेव्हाच्या मालालाही नाव 'डेक्कन प्राइझ मनी'. त्याच्या वाटपावरून इंग्रज सेनापती आपसात वर्षानुवर्षं भांडत होते. यातलाच एक खटला आपल्या लोकांना माहीत असायला हवा. नारो गोविंद औटी हा पेशव्यांच्या बाजूचा रायगडचा किल्लेदार. पुण्यात त्याच्याकडचा खजिना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतला. त्याच्या पश्चात बद्रीचंद यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, एल्फिन्स्टन यांच्यावर. होय, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. आणि मुंबईच्या कोर्टाने निकाल बद्रीचंदांच्या बाजूने दिला! गोऱ्यांच्या कोर्टात गोऱ्या साहेबाविरुद्ध. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. 1830 साली तिथे निकाल फिरला. युद्ध अजून थंडावलं नव्हतं, तेव्हा झालेली ही जप्ती आहे, साध्या दिवाणी कोर्टाला त्यात बोलायचा अधिकारच नाही, असं ठरलं. खजिना कोणाचा, यावर निकाल नाहीच. प्रश्न विचारायचाच नाही, एवढाच निकाल.

हेच सरकार त्याच दशकात 'ठग' हा शब्द इंग्रजीत घेऊन जात होतं. स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि 1839 ला मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली, ती इंग्लंडात तुफान चालली. हा टेलर निजामाच्या नोकरीतला, पुढे नळदुर्गला कारभारी म्हणून राहिलेला. आपल्या धाराशिव, सोलापूरकडच्या लोकांना त्याचं नाव नवं नाही. आज अमेरिकेत कुठल्याही दांडगट पोराला 'थग' म्हणतात. त्यांना नर्मदाही माहीत नाही आणि रुमालाचा फासही.

पण कादंबरीच्या तीन वर्षं आधी, 1836 ला, एक कायदा आला होता. ठगांच्या टोळीत तुम्ही कधीकाळी होता, एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप, सक्तमजुरीसह. कोणता खून, कोणाला लुटलं, हे दाखवायची गरज नाही. टोळीतलं असणं पुरे. आणि 'ठग' म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. 'डकॉइट' या आपल्याच दुसऱ्या शब्दाचं नशीब त्या मानाने बरं. 1860 च्या दंडसंहितेत त्याला आकडा मिळाला. पाच किंवा जास्त जण असतील तर दरोडा, चार असतील तर जबरी चोरी. आमचे ठाणे अंमलदार आजही मथळ्यात चुकून 'दरोडा' पडला की फोन करून हे ऐकवतात.

इथे एक ग्रीक शब्द आणतो, 'कॅटेगरी'. आपण म्हणतो ना, 'तुझी कॅटेगरी कोणती?' हा शब्द मुळात आरोपाचा आहे. 'काता' म्हणजे विरुद्ध, 'अगोरा' म्हणजे गावचा चौक, सभा. चौकात उभं राहून एखाद्याच्या विरुद्ध बोलणं म्हणजे कॅटेगरी. अ‍ॅरिस्टॉटलने तो तर्कशास्त्रात घेतला, 'एखाद्या गोष्टीबद्दल जे म्हणता येतं ते' अशा अर्थाने, आणि तिथून तो वर्ग, प्रवर्ग या अर्थाला आला.

1871 साली इंग्रज सरकारने या शब्दाचे दोन्ही अर्थ परत एकत्र आणले. क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. जमातच्या जमात यादीत टाकायची आणि यादी हाच आरोप. मूल जन्मतःच गुन्हेगार. आधी उत्तरेत, मग 1911 च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती. सोलापूरची सेटलमेंट ही त्यातली मोठी. अजून तिथे लोक त्या भागाला 'सेटलमेंट'च म्हणतात. चोराला निदान 39 शिलिंगवाला ज्युरी भेटत होता. इथे खटलाच नाही, तर ज्युरी कुठून येणार?

31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. पण 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले, आपल्याकडचा 1959 चा. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगांच्या नियमावलीतल्या जातीच्या तरतुदी रद्द केल्या, आणि विमुक्त जमातींना सरसकट 'सराईत' धरता येणार नाही असं बजावलं. ती याचिका एका पत्रकाराची होती, मुंबईच्या सुकन्या शांता यांची. आमच्या धंद्याबद्दल चांगलं लिहायची संधी कमी येते म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

इंग्रजीत दुकानातून माल पळवण्याला 'शॉपलिफ्टिंग' म्हणतात, लिफ्ट म्हणजे उचलणे. आपल्याकडे उचलण्यावरून गुन्ह्याचं नाव पडलं, 'उचलेगिरी', आणि माणसांच्या समाजाचंही, 'उचल्या'. लक्ष्मण गायकवाडांचं त्या नावाचं आत्मकथन 1987 ला आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत. त्यात 'भामटा' ही एक. तिच्या पोटात 'उचले' आहे, 'घंटीचोर' आहे. शाळेत सवलत हवी तर पोराच्या दाखल्यावर हे नाव असावं लागतं. सरकारी शिक्क्यासह. इंग्रजीतही असं झालंय. जिप्सी लोकांवरून 'जिप' म्हणजे फसवणे, असं क्रियापद अमेरिकेत पडलं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी ते आता जवळपास टाकून दिलंय.

आपल्याकडे अजून रोज छापून येतं, 'पोलीस असल्याची बतावणी करून भामट्यांनी वृद्धेला गंडा घातला'. माझ्या हाताखालून जाणाऱ्या बातमीत हा शब्द मी ठेवत नाही. परवा आमच्या नव्या वार्ताहराने विचारलं, 'सर, मग मथळ्यात काय घ्यायचं? ठग?' मी म्हटलं, 'दोघे होते ना? दोघांनी, असं लिही.'